युरोपातील स्त्री-पुरुषांचे कामाचे तास : एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना :
औद्योगिक क्रांतीनंतर युरोपात श्रमाचे मोजमाप घड्याळाच्या तासांत होऊ लागले. मात्र स्त्री आणि पुरुष यांचे तास सर्वत्र एकाच मापाने मोजले गेले नाहीत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ब्रिटन, स्वित्झर्लंड व जर्मनी येथील कायद्यांच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

कायद्यांची तुलना :
ब्रिटनमध्ये १८४७ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांसाठी १० तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुष स्वतःचा करार करण्यास समर्थ मानला गेल्याने तो कायद्याबाहेर राहिला. तथापि स्त्रिया व मुले यांच्यावाचून गिरणी चालविणे कठीण असल्याने पुरुषांचेही तास पुढे घटले. याउलट स्वित्झर्लंडच्या १८७७ च्या कारखाना कायद्याने स्त्री-पुरुष दोघांनाही ११ तासांची मर्यादा लागू केली; परंतु रात्रीचे व रविवारचे काम स्त्रियांना पूर्णतः निषिद्ध ठरविले. जर्मनीने १८९१ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी ११ तास व शनिवारी १० तास निश्चित केले.

घरकामाचे स्थान :
याच जर्मन कायद्यातील एक तरतूद उद्बोधक आहे. दुपारची सुट्टी दीड तासाहून कमी असल्यास, घर सांभाळणाऱ्या कामगार स्त्रीला तिच्या मागणीनुसार अर्धा तास आधी सोडावे, असे त्यात नमूद होते. हा अर्धा तास विश्रांतीसाठी नव्हता, तर चुलीसाठी होता. घरकाम स्त्रीचेच, हे कायद्याने गृहीत धरले. मात्र त्याची गणना श्रमात केली नाही. पश्चिम जर्मनीत तर पत्नीची नोकरी कौटुंबिक कर्तव्यांशी सुसंगत असावी, अशी कायदेशीर अट १९७७ पर्यंत होती.

समानतेकडे वाटचाल :
१९९१ मध्ये युरोपीय न्यायालयाने, केवळ स्त्रियांना रात्रपाळीची बंदी घालणारा फ्रान्सचा कायदा समान वागणुकीच्या तत्त्वाशी विसंगत ठरविला. असे असले तरी नेदरलँड्समध्ये आजही निम्म्याहून अधिक नोकरदार स्त्रिया अर्धवेळ काम करतात.

निष्कर्ष :
संरक्षक कायद्यांनी स्त्रियांची पिळवणूक कमी केली, हे निर्विवाद आहे. परंतु कारखान्यात वाचलेला वेळ घरातील विनावेतन कामाकडे वळविला गेला. म्हणून स्त्रियांचे सवेतन तास कमी दिसले, तरी त्यांचे एकूण श्रम कमी होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. देशोदेशींच्या तासांची तुलना करताना कोणते काम मोजले गेले, हा प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक ठरते.