दिनविशेष : १२ ऑक्टोबर

१९९९ : पाकिस्तानात लष्करी उठाव, जनरल परवेझ मुशर्रफ सत्तेवर

मुशर्रफ कोलंबोहून प्रवासी विमानाने परतत असतानाच पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी त्यांना लष्करप्रमुखपदावरून काढले आणि आयएसआयप्रमुख झियाउद्दीन यांना नेमले. विमानाला कराचीत उतरू द्यायचे नाही, असा हुकूमही सुटला. इंधन संपत आलेले, विमानात सामान्य प्रवासी. आणि खाली सैनिक इस्लामाबादच्या दूरचित्रवाणी केंद्राच्या फाटकावर चढत होते. विमान अखेर उतरले तेव्हा विमानतळ लष्कराच्या ताब्यात होता आणि शरीफ नजरकैदेत. कारगिल युद्ध संपून जेमतेम अडीच महिने झाले होते.

मुशर्रफ यांनी ‘मार्शल लॉ’ हा शब्द शिताफीने टाळला. स्वतःला ‘चीफ एक्झिक्युटिव्ह’ म्हणवले. मे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठावाला मान्यता देऊन निवडणुकांसाठी तीन वर्षांची मुदत दिली. शरीफ डिसेंबरात सौदीला गेले. मुशर्रफ २००८ पर्यंत टिकले. पुढे २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना देशद्रोहासाठी फाशी सुनावली, ती २००७ च्या आणीबाणीबद्दल. या उठावाबद्दल त्यांना शिक्षा झालीच नाही.