अभाव हेही कारण असते

राजूरसारख्या कोळशाच्या गावात तत्त्वज्ञानाचा मास्तर जीवाणूंवर बोलतोय, याचं नवल वाटेल. पण माझा प्रश्न जुनाच आहे. जे नाही, ते कारण होऊ शकतं का? वैशेषिकांनी अभावाला पदार्थांच्या यादीत जागा दिली. त्याचा पुरावा मला परळला सापडला.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. हाफकिन संस्थेतून तिने गिरणी कामगार गरोदर बायांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. या बायांच्या रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. विल्सचा संशय आहारावर होता. १९३१ मध्ये तिने प्रसिद्ध केलं की यीस्टचा अर्क, म्हणजे साधं मार्माइट, दिल्यावर या बाया बऱ्या होतात. त्यात नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर मिळालं ते जीवाणूंकडून. १९४१ मध्ये अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं केलं. काही जीवाणू त्याच्यावाचून वाढतच नव्हते. लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, म्हणून नाव पडलं फॉलिक आम्ल. हे ब गटातलं जीवनसत्त्व. पुढे १९४५ मध्ये आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं.

त्याचं काम हमालाचं. कार्बनचा एकेक तुकडा वाहून न्यायचा. त्यातून थायमिन आणि प्युरिन घडतात आणि त्यांतून डीएनए. हमाल नसला की पेशी फुगते, पण डीएनएची नक्कल होत नाही, म्हणून विभागत नाही. त्या बायांच्या मोठ्या पेशींचं रहस्य हेच!

आता गंमत बघा. अनेक जीवाणू फॉलिक आम्ल स्वतः बनवतात, आपण ते अन्नातून घेतो. १९४० मध्ये डोनाल्ड वूड्स यांनी दाखवलं की सल्फा औषध जीवाणूंच्या पॅराअमिनोबेन्झोइक आम्लासारखं दिसतं आणि त्याची जागा अडवतं. हे आम्ल म्हणजे फॉलिक आम्लाचाच कच्चा माल, हे नंतर कळलं. जीवाणूची वाढ थांबते, आपण वाचतो.

म्हणजे एकच अभाव. जीवाणूत घडवला तर उपचार, आईच्या ताटात घडला तर रोग. पहिला आपण औषधाने मुद्दाम आणतो. दुसरा कोण आणतं? गरिबी. आशाताई गरोदर बाईला लोहाची गोळी देते, तिच्यात फॉलिक आम्लही असतं. ती गोळी परळच्या त्या बायांचं आपल्यावरचं ऋण आहे. घरातली गोळी डब्यात पडून राहू देऊ नका, एवढंच सांगतो आणि थांबतो.