प्रागला आई-बाबांना नेताय? चढ ट्रामने, उतार पायी

प्राग म्हटलं की चार्ल्स पूल, लाल कौलारू छपरं आणि टेकडीवरचा किल्ला आठवतो. फोटोत लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पायाखालचे दगड. चेक प्रजासत्ताकाच्या या राजधानीच्या जुन्या भागात बहुतेक रस्ते आणि फुटपाथ छोट्या दगडांनी बांधलेले आहेत. पाऊस पडला की ते निसरडे होतात. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला अंतरापेक्षा हे दगड आणि चढच जास्त थकवतात. म्हणून नवे बूट प्रवासाआधी महिनाभर घरी वापरून मऊ करून घ्यावेत आणि हॉटेल ट्रामच्या थांब्याजवळच घ्यावं. या दगडांवरून चाकांची बॅग ओढणं तरुणांनाही जड जातं.

सर्वात मोठी चूक किल्ल्याच्या बाबतीत होते. चार्ल्स पूल ओलांडून नेरुदोवा रस्त्याने वर चढायचं, हा नेहमीचा मार्ग. तो सुंदर आहे, पण दमछाक करणारा. त्याऐवजी २२ नंबरची ट्राम धरावी. ‘प्राझस्की ह्राद’ थांब्यापासून किल्ल्याचं आवार काही मिनिटांवर आहे आणि वाट जवळपास सपाट आहे. जरा फिरायची हौस असेल तर पुढे ‘पोहोर्जेलेत्स’ला उतरावं. तिथून किल्ल्यापर्यंतचा रस्ता हळूहळू खाली येतो. परतताना लांबलचक पायऱ्यांनी उतरण्यापेक्षा पुन्हा ‘प्राझस्की ह्राद’ थांबा गाठलेला बरा. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, हे विसरलं जातं.

किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा मात्र सोडून द्यावा. २८७ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. उंचावरून शहर पाहायचंच असेल तर जुन्या टाऊन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. त्याच इमारतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला त्यातल्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. खेळ मिनिटभरात संपतो. गर्दीत सगळ्यांच्या माना वर असतात आणि खिसेकापूंना तेच हवं असतं, त्यामुळे पर्स पुढे धरावी.

६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना शहरातल्या ट्राम, मेट्रो आणि बसचा प्रवास मोफत आहे. वय दाखवणारं फोटोचं ओळखपत्र जवळ हवं, म्हणजे भारतीय पर्यटकांसाठी पासपोर्ट. मेट्रोतली काही स्टेशनं खूप खोल आहेत. ‘नामेस्ती मिरू’चा सरकता जिना तब्बल ८७ मीटर लांब आहे. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला भीती वाटत असेल तर ट्रामच बरी. जुन्या ट्रामच्या पायऱ्या उंच असतात. कमी उंचीची ट्राम कोणती, हे वेळापत्रकात व्हीलचेअरच्या चिन्हाने दाखवलेलं असतं.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच आई-बाबांना पक्की सांगून ठेवावी. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्यांसाठी मोटारी थांबतात, ट्राम थांबत नाही. कायद्यानेच तिथे ट्रामला अग्रक्रम आहे.

औषधं पूर्ण दिवसांची आणि चार दिवस जादा, मूळ पाकिटातच न्यावीत. ती चेक-इन बॅगेत नकोत. डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. आपल्याकडचा ‘क्रोसिन’ तिथल्या फार्मासिस्टला कळेलच असं नाही, ‘पॅरासिटामॉल’ कळेल. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण बीपी, मधुमेहासारखे आधीचे आजार त्यात धरले आहेत का, हे पॉलिसी घेतानाच वाचावं.

चलन युरो नाही, कोरुना आहे. सुट्टी नाणी खिशात ठेवावीत, कारण बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं पैसे घेतात. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि थेट रुग्णवाहिकेसाठी १५५ हे नंबर आई-बाबांच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करून द्यावेत. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवावा, फोनची बॅटरी संपली तर तोच उपयोगी पडतो.