शुद्धी, विटाळ आणि पाणी

२ फेब्रुवारीचा सण आपण आज प्रभूच्या समर्पणाचा सण म्हणून साजरा करतो. १९६९ च्या उपासना-पंचांगापूर्वी तो पवित्र मरियेच्या शुद्धीकरणाचा सण होता. निष्कलंक मातेला शुद्धी कशाची, असा प्रश्न भाविकांना पडतो. नांदेड-लातूरकडे तो अधिकच बोचतो, कारण 'अशुद्ध' म्हणताच आपल्याला विटाळ आठवतो आणि विटाळाचे घाव अनेक घरांनी सोसलेले आहेत.

यहुदी धर्मशास्त्रात मात्र अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. प्रसूती, मासिक धर्म, प्रेतस्पर्श अशा जीवन-मरणाच्या सीमेवरील प्रसंगांतून ती येते. मृताला मूठमाती देणे हे पुण्यकर्म, तरीही ते करणारा अशुद्ध ठरतो. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले आणि यांतील बहुतेक नियमांचा व्यवहार थांबला. आज विवाहित स्त्रीचे मासिक निमज्जन, धर्मात नव्याने येणाऱ्याचे निमज्जन, भाकरीपूर्वीचे हात धुणे, मृताचे स्नान एवढे प्रामुख्याने उरले आहे. निमज्जनाच्या कुंडाला 'मिक्वे' म्हणतात. त्याचे मूळ पाणी पावसाचे किंवा झऱ्याचे असावे लागते. भांड्याने भरलेले चालत नाही. समुद्रही चालतो. कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे लागते. म्हणजे तेथे मळ काढायचा नसतो; मनुष्य देवाने दिलेल्या पाण्यात स्वतःला पुन्हा देवाच्या हवाली करतो. याजक असो की मजूर, पाणी एकच.

परंतु नियम एक आणि समाज दुसरा. कोकणातील आपले मराठी भाषक यहुदी म्हणजे बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद शिरला. त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. पुढे हा समाज इस्रायलला गेला, तेव्हा तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठरावाने सांगितले.

याच कोकणात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून तळे 'शुद्ध' केले. लेवीय ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात याच्या अगदी उलट विधान आहे: प्रेत पडले तरी झरा व पाण्याचा साठा शुद्धच राहतो. मोशेच्या नियमात पाणी माणसाला शुद्ध करते. विटाळाच्या नियमात माणसामुळे पाणी बाटते.

मरिया गरिबाचे दोन पक्षी घेऊन मंदिरात गेली, ती इस्रायलच्या प्रत्येक मातेसारखीच. स्नानसंस्काराचे पाणीही कोणाचे कूळ विचारत नाही. मग आपल्या घरी स्थळ पाहताना पूर्वजांची जात विचारली जाते काय? वाचकहो, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःशीच द्यावे.