गर्भाशय आणि अंडाशय, दोन्हीकडे कर्करोग : प्रत्येक वेळी ‘पसरलेला’च असे नाही

पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा जायला लागते. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो आणि स्कॅनमध्ये अंडाशयावरही गाठ दिसते. ‘पसरला’ असे समजून घरचे हातपाय गाळतात. मात्र दोन्हीकडच्या गाठी म्हणजे शेवटचा टप्पा, असे नेहमी नसते.

किती जणींना होतो?
अस्तराचा कर्करोग असलेल्या सुमारे ५ टक्के आणि अंडाशयाचा कर्करोग असलेल्या सुमारे १० टक्के महिलांत दोन्ही आजार एकाच वेळी सापडतात. त्यांत पाळी चालू असलेल्या बायकाही बऱ्याच असतात. लठ्ठपणा आणि मूल न झालेले असणे यांचा त्याच्याशी संबंध दिसतो. काहींत ‘लिंच सिंड्रोम’ हा आनुवंशिक दोष असतो. घरात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

लक्षणे
पाळी गेल्यावर रक्त जाणे, पाळीच्या मधेच किंवा फार जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे वा जडपणा. पॅप चाचणी गर्भाशयमुखासाठी असते. ती चांगली आली म्हणून हे रक्त जाणे अंगावर काढू नये.

निदान आणि उपचार
सोनोग्राफी, अस्तराची बायोप्सी, एमआरआय किंवा सीटी स्कॅन केले जाते. शस्त्रक्रियेत गर्भाशय, दोन्ही नळ्या व अंडाशय काढतात. आजार कुठल्या टप्प्यात आहे ते काढलेल्या भागाच्या तपासणीनंतरच पक्के ठरते. २०१६ मधील जनुकीय अभ्यासांत अशा बहुतेक जोडगाठींचे मूळ एकच निघाले, तरीही त्यांतल्या सौम्य गाठींचा आजार बरा होण्याची शक्यता चांगली असते. म्हणूनच ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये अशा काही रुग्णांना पहिल्याच टप्प्यात (१ए३) धरले. त्यासाठी गाठ सौम्य हवी, एकाच अंडाशयात व न फुटलेली हवी, गर्भाशयाच्या स्नायूत निम्म्याहून कमी शिरलेली हवी आणि इतरत्र पसरलेली नसावी. केमो वा रेडिएशन लागेल की नाही, ते या अहवालावर ठरते. मूल हवे असलेल्या तरुणीने शस्त्रक्रियेआधीच तसे बोलावे.

कुठे जावे?
पेडणे, डिचोलीतील महिलांनी आधी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दाखवावे. पुढील तपासणीसाठी बांबोळीचे गोमेकॉ आहे. जाताना जुने रिपोर्ट आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड सोबत ठेवावे. अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना एवढे विचारावे : ‘गाठ सौम्य आहे का आणि टप्पा कोणता?’