'अमृतमंथन' मधील राजगुरू : एका भयपटाचा ऐतिहासिक विचार

मराठी चित्रपटाच्या इतिहासाचा विचार करताना भयपट हा प्रकार बहुधा उपेक्षित राहतो. भुताखेतांच्या कथा हा काही गंभीर अभ्यासाचा विषय नव्हे, अशी एक समजूत त्यामागे असावी. परंतु मराठी बोलपटातील सर्वांत परिणामकारक भय भुताने निर्माण केलेले नाही. ते एका धर्मनिष्ठ पुरुषाने निर्माण केले. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अमृतमंथन' हा बोलपट १९३४ साली मराठी व हिंदी अशा दोन भाषांत प्रकाशित झाला. त्यातील राजगुरू हा या लेखाचा विषय होय.

कथानक नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवर आधारलेले आहे. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा हा चंडिकेच्या उत्सवातील नरबली व पशुबली बंद करण्याची आज्ञा देतो. राजगुरूच्या दृष्टीने हा देवीचा द्रोह ठरतो, आणि तो राजाच्या वधाचा निर्णय घेतो. हे काम यशोधर्मावर सोपविले जाते. त्याचे मन या कृत्याला तयार नसते, पण शपथेचे बंधन त्याला तोडता येत नाही. वध घडतो, आणि ज्याने तो करविला तोच राजगुरू मारेकऱ्याला लोकांच्या स्वाधीन करून मोकळा होतो. पुढे राजकन्या मोहिनी सिंहासनावर येते, पण सूत्रे राजगुरूच्याच हाती राहतात. यशोधर्म्याची मुले माधवगुप्त व सुमित्रा यांच्या हालअपेष्टांतून कथा शेवटाकडे जाते. हा उत्तरार्ध तत्कालीन नाट्यमय कथानकांच्या वळणाचा असून त्यात आज विशेष रस वाटण्याजोगे थोडेच आहे.

बोलपटाचे सामर्थ्य त्याच्या आरंभात आहे. अंधाऱ्या मंदिरात जमलेले कटवाले, अपुरा प्रकाश, लांबलेल्या सावल्या, आणि या सर्वांवर राजगुरूचा डोळा : एकच डोळा, सबंध पडदा व्यापणारा. हे दृश्य दूरचित्रण भिंगाच्या साहाय्याने घेतले होते. 'सैरंध्री' या बोलपटाच्या रंगप्रक्रियेसाठी शांताराम १९३३ साली जर्मनीत गेले होते, आणि तेथील चित्रपटांच्या छायाप्रकाशाचा संस्कार या दृश्यांवर स्पष्टपणे जाणवतो. संमोहनाने दुसऱ्याच्या हातून खून करविणारा पुरुष ही कल्पना जर्मन चित्रपटाला 'कॅलिगारी' (१९२०) पासून परिचित होती. मात्र तेथे तो पुरुष वैद्य आहे. येथे तो पुरोहित आहे. वैद्याच्या आज्ञेला झोपेत गेलेला मनुष्य बळी पडतो, तर पुरोहिताची आज्ञा यशोधर्मा पूर्ण जागेपणी पाळतो. या भेदातच 'अमृतमंथन' चे वेगळेपण सामावलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी केली. ती त्यांची पहिली भूमिका होती आणि त्यांच्या फिकट डोळ्यांची ख्याती तेव्हापासूनच झाली. मराठी आवृत्तीत तीच भूमिका केशवराव दाते यांच्याकडे होती. दाते हे रंगभूमीवरील मातबर नट. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून संयत, स्वाभाविक अभिनयाचा जो आग्रह धरला, त्या उपक्रमाशी त्यांचा निकटचा संबंध होता. बोलपटाचे संगीत देणारे केशवराव भोळे यांचाही होता. धर्मवेडा मनुष्य आरडाओरडा करतो, अशी आपली एक सोयीस्कर कल्पना असते. ज्याला आपल्या सत्याविषयी शंका नाही त्याला आवाज चढविण्याचे कारण पडत नाही. राजगुरूची भूमिका अशा परंपरेतील नटाकडे जावी हे म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. प्रभातच्या कलाविभागाची धुरा एस. फत्तेलाल यांच्याकडे होती. ज्या चंडिकेच्या मंदिराने प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणला, ते एका मुसलमान कलावंताच्या देखरेखीखाली उभे राहिले. त्याविषयी कोणाला काही वावगे वाटावे, असे प्रभातचे वातावरण नव्हते.

आता काळाकडे वळू. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली आणि 'अमृतमंथन' हा तिचा पुण्यातील पहिला बोलपट. त्या पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला होता आणि सत्याग्रहींना मारहाण सोसावी लागली होती. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. २५ जून १९३४ रोजी, हरिजन दौऱ्यावर असलेले महात्मा गांधी पुणे नगरपालिकेच्या सत्कारास जात असताना, ते ज्या मोटारीत असावेत असा समज झाला तिच्यावर बाँब टाकण्यात आला. गांधीजी बचावले, इतर काही जण जखमी झाले. बोलपट आणि ही घटना यांत कार्यकारणसंबंध जोडणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. परंतु रूढीत हस्तक्षेप करणाऱ्याचा प्राण घेणे हे धर्मकृत्य मानणारा मनुष्य, ही १९३४ च्या पुण्यात केवळ कादंबरीतील कल्पना नव्हती, एवढे निश्चितपणे सांगता येते.

बोलपटातील राजाच्या आज्ञेकडेही या दृष्टीने पाहावयास हवे. १८२९ ची सतीबंदी किंवा खोंड लोकांतील मेरिया बलीच्या प्रथेविरुद्धची कारवाई ही परकीय सत्तेची कृत्ये होती. त्यामुळे १८९१ च्या संमतिवयाच्या वादात टिळकांना असा पवित्रा घेता आला की, सुधारणेचे प्रयोजन काहीही असो, परकीय सरकारने कायद्याने ती लादू नये. 'अमृतमंथन' मध्ये हा आक्षेपच उरत नाही. राजा स्वकीय आहे, स्वधर्मीय आहे. तरीही त्याचा वध होतो. सत्ता आपल्या हाती आली म्हणजे सुधारणेचा मार्ग मोकळा होईल, या आशेला या बोलपटाने नकळत सुरुंग लावला आहे. तो नकळत लावला असे म्हणण्याचे कारण शेवटात सापडते.

शेवटी राजगुरू स्वतःच्या हाताने स्वतःचे शिर उतरवून देवीला अर्पण करतो. प्रेक्षकाला दुष्टाचा अंत पाहिल्याचे समाधान मिळते. परंतु विचारदृष्ट्या हा राजगुरूचा पराभव नव्हे. नरबलीची प्रथा बंद पडते ती एका नरबलीने, आणि तीही देणाऱ्याच्या संपूर्ण श्रद्धेसह. कोणी त्याला खोटे पाडले नाही, कोणत्याही न्यायासनापुढे तो उभा राहिला नाही. बोलपटाने उपस्थित केलेला प्रश्न त्याच्याच प्रमुख पात्राने गिळून टाकला. माझ्या मते हे कथेचे वैगुण्य आहे. तथापि भयपट म्हणून तिचे सामर्थ्य याच वैगुण्यात आहे, हेही मान्य करावयास हवे.

याउलट न्यायासन पुढे आले ते फार उशिरा. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ पासून घडलेल्या हत्यासत्रावर आधारित 'आक्रीत' (१९८१) हा अमोल पालेकर यांचा चित्रपट. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात राजगुरूसारखा तत्त्वनिष्ठ पुरुष नाही. आहे ती अपत्य, धन आणि सत्ता यांची साधी हाव. देवीच्या नावाने चाललेली हत्या इतकी क्षुद्र असू शकते, हे मराठी पडद्यावर येण्यास १९३४ नंतर जवळजवळ अर्धे शतक लागले. पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. नरबली हा शब्द त्या कायद्याच्या नावातच आहे. पुणे येथील सत्र न्यायालयाने १० मे २०२४ रोजी या हत्येबद्दल दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष ठरविले. क्रांतिवर्म्याच्या खुनाबद्दल बोलपटात शिक्षा झाली ती केवळ यशोधर्म्यास.