नावातच कविता

सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ संग्रह १८५४ सालचा. त्याच वर्षी जपानमध्ये, मिनो प्रांतातल्या इवामुरा या डोंगरातल्या संस्थानात, हिराओ नावाच्या सामुराई घरात सेकी जन्मली. कविता करणारी आणि शाळा चालवणारी बाई तिकडेही घडणार होती.

घर पंडितांचं, पण वडील त्यांच्या राजकीय मतांमुळे नजरकैदेत. सेकी शिकली ती घरातल्या पुस्तकांवर. १८७१ मध्ये ती तोक्योला आली आणि पुढच्याच वर्षी राजवाड्यात चाकरीला लागली. तिथे तिची ‘वाका’ सम्राज्ञी शोकेन यांच्या कानावर गेली. वाका म्हणजे पाच-सात-पाच-सात-सात अशी एकतीस मात्रांची कविता. सम्राज्ञी स्वतः कवयित्री. त्यांनी या मुलीला नवं नावच दिलं: ‘उता’, म्हणजे काव्य, गीत. लग्नानंतर ती उताको शिमोदा झाली.

नवरा आजारी पडला, तेव्हा उताकोंनी घरातच मुलींचे वर्ग सुरू केले. मंत्र्यांच्या बायका-मुली शिकायला येत. अमेरिकेत वाढलेली, मातृभाषा विसरून परतलेली त्सुदा उमेको तिथे इंग्रजी शिकवी आणि उताकोंकडून जपानी शिके. हीच उमेको पुढे १९०० मध्ये स्वतःची शाळा काढणार होती. त्या घरातली ही देवघेव मला फार मोलाची वाटते. १८८४ मध्ये उताको विधवा झाल्या. पुढच्या वर्षी सरदार घराण्यांतल्या मुलींसाठी शाळा निघाली, तिथे त्या प्राध्यापक झाल्या. किमोनोवर घालायचा मुलींचा घेरदार ‘हाकामा’ रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात. त्यामुळे मुलींना खुर्चीवर बसणं, पळणं सोपं झालं.

राजकन्यांना कसं शिकवावं हे पाहायला त्यांना १८९३ मध्ये युरोपला धाडलं. राणी व्हिक्टोरियाची भेटही झाली. पण परतताना त्यांच्या मनात घर केलं होतं ते तिथल्या सामान्य घरांतल्या शिकलेल्या बायकांनी. १८९९ मध्ये त्यांनी ‘जिस्सेन’ शाळा काढली. जिस्सेन म्हणजे प्रत्यक्ष आचरण. जोडीला गरीब मुलींसाठी हस्तकलेची शाळा होती. हाताला काम मिळालं तर बाईला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, हा त्यामागचा विचार. आदर्श पत्नी आणि सुजाण माता घडवण्याचं ध्येय मात्र त्यांनी सोडलं नाही. आज ती चौकट अपुरी वाटते, तरी त्या चौकटीतूनच हजारो मुली घराबाहेर पडल्या.

१९०७ साल कठीण गेलं. ‘हेइमिन शिंबुन’ या समाजवादी पत्राने त्यांच्या खासगी आयुष्यावर लेखमाला चालवली, आणि वर्ष सरता सरता त्यांना सरदार मुलींच्या शाळेतलं प्रमुखपद सोडावं लागलं. एकट्या, कर्तबगार बाईवर असा चिखल किती सहज उडवला जातो, हे वाचताना आजही राग येतो. जिस्सेनचा कारभार त्यांनी सोडला नाही. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी निधन होईपर्यंत त्याच प्रमुख होत्या. आज जिस्सेन विद्यापीठ आहे.

या शाळेत १९०१ पासून चिनी मुलीही येऊ लागल्या. त्यांच्यात १९०४ मध्ये जपानला आलेली छ्यू चिन होती. तीही कवयित्री, पण राज्य उलथवायला निघालेली. काही काळ इथे शिकून ती मायदेशी परतली. १९०७ च्या जुलैत, शाओशिंग गावी, छिंग सरकारने तिचा शिरच्छेद केला. सम्राज्ञीने नाव दिलेल्या कवयित्रीच्या शाळेतले बाक तिलाही ओळखीचे होते.